विद्यार्थ्यांसाठी खोली शोधायची वेबसाइट: ‘रिकामी आहे’ हे खरं कसं ठेवायचं

नांदेडला एमसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथं शिकायला येणाऱ्या मुलामुलींसाठी खोली शोधायची वेबसाइट हा प्रोजेक्ट तिनं घेतला आहे. टेक्नॉलॉजी कोणती घ्यावी, खोल्यांची माहिती कुठून आणावी, नकाशावर अंतर कसं दाखवावं आणि प्रोजेक्ट जमा केल्यानंतर ती वेबसाइट खरोखर चालवता येईल का, असं तिनं विचारलं आहे.

मी वेबचं काम बरीच वर्षं करतो. त्यातली चार वर्षं लातूरसाठी अशीच एक यंत्रणा बांधण्यात आणि चालवण्यात गेली. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल.

टेक्नॉलॉजीचं आधी उरकतो, कारण त्यात अडण्यासारखं फार नाही. वेबसाइट बांधायच्या तयार चौकटींपैकी जँगो येत असेल तर जँगो घ्या, लॅराव्हेल येत असेल तर लॅराव्हेल. पानं सर्व्हरवरच तयार करून पाठवा. बापाच्या हातातला फोन जुना असतो आणि गावातलं नेटवर्क जेमतेम, त्यात जड जावास्क्रिप्टचं पान उघडायलाच मिनिट जातं. डेटाबेस मात्र पोस्टग्रेएसक्यूएल घ्या आणि त्यावर नकाशावरच्या जागा आणि अंतरं सांभाळणारं पोस्टजीआयएस चढवा. त्याचं कारण पुढे येईलच.

आता जूनमधली एक सकाळ सांगतो. लातूरच्या बसस्थानकाबाहेर अहमदपूरकडच्या एका गावातून आलेले गृहस्थ मुलीला घेऊन उभे होते. सोबत पत्र्याची पेटी, सुतळीनं बांधलेली गादी आणि वहीच्या पानावर उतरवून घेतलेले सहा फोन नंबर. त्यातले चार नंबर आमच्या वेबसाइटवरचे होते, ते मी शेजारी चहा पिताना नंबर बघूनच ओळखले. पहिल्या नंबरवर उत्तर आलं, ‘कवाच भरली की रूम.’ दुसरा लागला नाही. तिसऱ्यानं मुलींना देत नाही म्हणून सांगितलं. सहावा फोन झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि मुलीकडे न बघता म्हणाले, ‘लेकराला ठिवावं कुठं आता?’ संध्याकाळच्या गाडीनं त्यांना परतायचं होतं, रानात पेरणी चालू होती. मी उठलो आणि त्यांच्याबरोबर खाडगाव रोडला गेलो. दुपारी दोनपर्यंत खोली मिळाली, पण ती गल्ल्या पालथ्या घालून मिळाली. आमच्या वेबसाइटचा त्यात काही वाटा नव्हता.

त्या दिवसापर्यंत आम्ही ‘किती खोल्या नोंदल्या’ हा आकडा अभिमानानं मोजायचो. त्यानंतर ‘आज सकाळी यातल्या किती नोंदी खऱ्या आहेत’ एवढंच मोजायला लागलो. तुमच्या प्रोजेक्टचा सगळा जीव माझ्या मते इथंच आहे. खेड्यातून आलेल्या पालकाकडे एकच दिवस असतो. त्या दिवशी पडद्यावर ‘रिकामी’ लिहिलेली कॉट खरंच रिकामी निघाली पाहिजे. बाकीचं सगळं त्यासाठी.

माहिती आणायची म्हणजे चालायचं. दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही. भिंतीवरच्या ‘रूम भाड्याने देणे आहे’ या पाट्यांचे फोटो काढून आणणं, जुन्या जाहिरातींतून नंबर उचलणं, व्हॉट्सअॅप ग्रुपमधले मेसेज गोळा करणं हे सगळं आम्ही करून पाहिलं. पाटी वर्षभर तशीच लटकत असते आणि आत जागा नसते. लातुरात उद्योग भवनाचा परिसर, औसा रोड, अंबाजोगाई रोड किंवा नांदेडला भाग्यनगर, श्यामनगर, बाबानगर यांपैकी एकच भाग निवडा आणि तेवढाच पूर्ण करा. तीन शहरांत विखुरलेल्या खोल्यांपेक्षा एका भागातल्या सगळ्या गल्ल्या पक्क्या असलेली वेबसाइट लोक वापरतात.

चालताना एक गोष्ट बघा: मालक स्वतःच्या कॉटचा हिशेब कसा ठेवतो. एका काकूंच्या घरी मला भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं दिसलं. प्रत्येक महिन्याच्या चौकटीत पेन्सिलीनं आद्याक्षरं होती. ‘पू. गेली’, ‘वै. आली’, ‘मा. डि. बाकी’. पूजा गेली, वैष्णवी आली, माधुरीचं डिपॉझिट बाकी. त्यांच्या चार खोल्यांत अकरा कॉट होत्या आणि अकराही कॉटचा हिशेब त्या कॅलेंडरवर होता. आम्ही त्यांना लॉगिन, पासवर्ड आणि बारा बटणांचा डॅशबोर्ड दिला होता, त्यांनी तो एकदाही उघडला नाही. मग आम्ही मालकाचा सगळा पडदा बदलला. महिन्याची चौकट, त्यात कॉटचे ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की ‘गेली’ किंवा ‘आली’ एवढीच दोन बटणं. पासवर्ड नाही, फोनवर आलेल्या लिंकनं थेट आत. तेव्हापासून काकू स्वतः नोंद करायला लागल्या.

यातूनच डेटाबेसची मांडणी ठरते. नवीन मुलं हमखास ‘खोली’ हे टेबल करतात आणि त्यात ‘उपलब्ध: हो/नाही’ असा एक रकाना ठेवतात. इथंच चूक होते. इकडे खोली क्वचितच अख्खी जाते, जाते ती कॉट. तिघींच्या खोलीत दोन आहेत, एक जागा आहे, आणि ती पंधरा तारखेपासून आहे. म्हणून घर, घरात खोली, खोलीत कॉट अशी तीन टेबलं करा आणि कॉटला ‘कधीपासून कधीपर्यंत’ असा कालावधी जोडा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तारखांचा पल्ला साठवायला डेटरेंज नावाचा प्रकार आहे आणि एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाची सोय आहे. एकाच कॉटसाठी दोन कालावधी एकमेकांवर चढत असतील तर दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं. पल्ल्याची शेवटची तारीख त्यात धरू नका, म्हणजे एक मुलगी ज्या दिवशी सोडते त्याच दिवशी दुसरी येऊ शकते. हे काम कोडमधल्या ‘इफ’वर सोडलं तर दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात दोन पालक एकाच मिनिटाला बटण दाबतात आणि एका कॉटवर दोन गाद्या येऊन पडतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मुलीच्या वडिलांनी मला जे सुनावलं ते बरोबरच होतं.

कॉट राखून ठेवायची असेल तर मुदत घाला, आम्ही अठ्ठेचाळीस तास देतो. मुदत संपली की कॉट आपोआप मोकळी व्हावी आणि दोन्हीकडे मेसेज जावा.

नोंद ताजी ठेवायचं काम यंत्रावर पूर्ण सोडू नका. आम्ही प्रत्येक नोंदीवर ठळक लिहितो: ‘शेवटची खात्री: कालच’ किंवा ‘शेवटची खात्री: ९ दिवसांपूर्वी’. शोधाच्या निकालात वर-खाली करतानाही हाच निकष पहिला आहे, भाडं दुसरं आणि अंतर तिसरं. एरवी चौदा दिवस खात्री झाली नाही की नोंद यादीतून बाहेर. जून-जुलैत ही मुदत दोन दिवसांवर आणतो, कारण तेव्हा सकाळची माहिती संध्याकाळी शिळी होते. मालकाला व्हॉट्सअॅपवर दोन बटणांचा मेसेज जातो. उत्तर नाही आलं तर फोन करायला माणूस लागतो. आमच्याकडे हंगामात दोन विद्यार्थिनी पगारी हे काम करतात. प्रोजेक्टच्या परीक्षकांना हे ‘टेक्निकल’ वाटणार नाही, पण अहवालात लिहा आणि ठामपणे लिहा.

हंगामाचं गणितही समजून घ्या. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, नीट मे महिन्यात, निकाल त्यानंतर. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे कुठल्या कॉलेजला नंबर लागला हे फेरी जाहीर होईपर्यंत कळत नाही, आणि कळलं की सगळे एकाच वेळी धावतात. रिपीटरच्या बॅचेसही त्याच सुमारास भरतात. म्हणजे तुमच्या सर्व्हरवरची वर्षाची निम्म्याहून जास्त वर्दळ सहा-सात आठवड्यांत येते. आणि हे आठवडे मृगाच्या पेरणीचे असतात. बी-बियाणं आणि खतात पैसा गेलेला, सोयाबीन हातात यायला दिवाळी. अशा वेळी पालकाला ‘महिना ३,००० रुपये’ हा आकडा अर्धाच उपयोगी पडतो. त्याला कळायला हवं की पहिल्या दिवशी खिशात किती रोख लागेल: डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचा अॅडव्हान्स, गादी-बादली सगळं धरून. आम्ही हा आकडा भाड्याच्या वर, मोठ्या अक्षरात दाखवतो. डिपॉझिट दोन हप्त्यांत चालेल का, हा रकाना आम्ही दुसऱ्या वर्षी घातला. बरेच मालक हो म्हणतात, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

रकाने ठरवताना शहरातल्या मोठ्या वेबसाइटची नक्कल करू नका. जिम, लिफ्ट, पार्किंग यांनी इथं कुणाचं काही अडत नाही. इथं अडतं ते पाण्यानं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणींमध्ये सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ते पाहिलेला कुठलाही लातूरकर खोली बघताना आधी नळ सोडून बघतो. म्हणून ‘पाणी: २४ तास’ असा टिकमार्क निरुपयोगी आहे. प्रश्न असे करा: नळाला पाणी किती दिवसांआड येतं? बोअर आहे का आणि मागच्या मे महिन्यात तो चालू होता का? टँकर आणावा लागला तर पैसे मालकाचे की मुलांचे? टाकी किती लिटरची आणि तिच्यावर किती जण? उत्तरं मालकाकडून घ्या आणि त्याच घरात राहून गेलेल्या एखाद्या मुलाकडून पडताळा.

मेसचंही तसंच. दोन वेळचं जेवण एवढं लिहून भागत नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, डबा खोलीवर येतो का, गावी गेल्यावर खाडे कापतात का. ‘खाडे कापतात’ हा रकाना पाहून एका मुलानं आम्हाला लिहिलं होतं की ही वेबसाइट बनवणारा नक्की कधीतरी मेसमध्ये जेवलेला आहे.

लाइटचं बिल मीटरप्रमाणे की ठरावीक, मुलींच्या होस्टेलला गेट किती वाजता बंद होतं, उशीर झाला तर कुणाला फोन करायचा, जिना एकच आहे की बाहेर पडायला दुसरी वाट आहे, खिडकीचे गज आतून उघडतात का. शेवटचे दोन प्रश्न मालकाला आवडत नाहीत. तरी विचारा आणि फोटोसकट नोंदवा.

आता नकाशा. तुमच्यासारख्या पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाची एक चूक ठरलेली असते, माझीही झाली. गूगलच्या नकाशावर आधी अक्षांश येतो, मग रेखांश. वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटलाही तसंच लागतं. पोस्टजीआयएसच्या बिंदूला मात्र आधी रेखांश द्यावा लागतो आणि नकाशाची माहिती लिहायच्या जिओजेसन या फॉरमॅटमध्येही रेखांशच पहिला. लातूर साधारण १८.४० उत्तर, ७६.५६ पूर्व इथं आहे. हे दोन आकडे उलटे भरले की लातूरची खोली उत्तर ध्रुवाकडे, स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात जाऊन बसते. म्हणून टेबलावरच अट घाला: अक्षांश १७ ते २१ आणि रेखांश ७४ ते ७९. सगळा मराठवाडा यात मावतो आणि उलटी नोंद दारातच अडते.

दुसरी चूक अंतराची. पोस्टजीआयएसमध्ये जॉमेट्री आणि जिऑग्राफी असे दोन प्रकार आहेत. नेहमीचे अक्षांश-रेखांश जॉमेट्रीत ठेवून ‘५०० च्या आतल्या खोल्या’ मागितल्या तर ते पाचशे अंश धरतं आणि सगळ्याच खोल्या समोर येतात. जिऑग्राफी घेतलं की तोच आकडा मीटरमध्ये मोजला जातो. रकान्यावर जिस्ट इंडेक्स (जागांची शोधसूची) टाका, म्हणजे शोध झटपट होईल.

तरीही हे अंतर सरळ रेषेचं असतं. नांदेडला कौठ्यात खोली आणि वजिराबादला क्लास असेल तर रेषेत जवळ दिसतं, पण मध्ये गोदावरी आहे आणि पूल जिथं आहे तिथूनच जावं लागतं. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या मोफत नकाशातल्या रस्त्यांवर ओएसआरएमसारखं वाट काढणारं मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि पायी किती मिनिटं ते काढा. एका खोलीपासून ठरावीक वीस-पंचवीस क्लास आणि कॉलेजांपर्यंतची मिनिटं रात्रीच काढून साठवून ठेवता येतात, दर शोधाला नव्यानं मोजायची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय नकाशावर लिहायला विसरू नका, ती त्यांची अट आहे. आणि नकाशात गल्ली नसेल तर स्वतः काढून टाका. आम्ही अशा बऱ्याच गल्ल्या भरल्या, त्या आता सगळ्यांच्याच कामी येतात.

मुलींच्या खोल्यांचा नेमका ठिकाणा सगळ्यांना दाखवू नका. बाहेरच्या माणसाला दोन-तीनशे मीटरचं वर्तुळ दिसावं आणि नेमका पत्ता फक्त भेट ठरल्यावर, पालकाच्या नंबरवर जावा. फोटोंमध्येही जागेचे आकडे दडलेले असतात. मोबाइलनं काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश आपोआप साठतात. अपलोड होताना ते पुसून टाकणारी ओळ कोडमध्ये हवीच.

मराठीत शोधण्याचा त्रास वेगळाच. ‘दुसऱ्या मजल्यावर’ यातला ऱ्या दोन तऱ्हेनं टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त देतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कॅरेक्टर टाकतात. दिसायला दोन्ही एकच, पण डेटाबेसला ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची पद्धत) त्यांना एक करत नाही. साठवण्यापूर्वी स्वतः एक रूप ठरवा आणि शोधताना तेच लावा. ‘खाडगाव’ आणि ‘खाडगांव’, देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे, रोमन लिपीत लिहिलेलं औसा रोड, यांसाठी पर्यायी नावांचं छोटं टेबल करा. कुठल्याही हुशार शोध-इंजिनापेक्षा ते हातानं भरलेलं टेबल आमच्या जास्त उपयोगी पडलं. लोक पत्ता खुणेनं सांगतात, म्हणून मंदिर, पाण्याची टाकी, चौकातलं मेडिकल हेही त्यात घ्या.

एसएमएस पाठवणार असाल तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे टेलिकॉम कंपन्यांकडे डीएलटी नावाची नोंदणी आणि मेसेजचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात दिवस जातात. शिवाय इंग्रजी मेसेजला १६० अक्षरांची जागा असते, मराठीला ७० च. काना-मात्रासुद्धा त्यात मोजले जातात. पहिल्या महिन्यात आमचं बिल का फुगलं ते याच हिशेबावरून कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आडनाव.

खोली मागायला फोन केला की पलीकडून दुसराच प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ मराठवाड्यात त्या प्रश्नाचा अर्थ काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. इथल्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ ला झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात ज्यांची घरं जाळली गेली त्यांची नातवंडं आज खोली शोधायला येतात. आम्ही यंत्रणा करताना पहिल्या आवृत्तीत सहजपणे मालकाला विद्यार्थ्याचं पूर्ण नाव दाखवलं होतं. काही दिवसांनी नोंदी चाळताना दिसलं की काही विनंत्या मालक वाचतो आणि उत्तरच देत नाही. त्या विनंत्यांची यादी काढली आणि नावं वाचली, तेव्हा मला माझ्याच कामाची लाज वाटली.

त्यानंतर भेट ठरेपर्यंत मालकाला फक्त पहिलं नाव, वर्ग आणि कॉलेज दिसतं. जातीचा किंवा धर्माचा रकाना कुठंही नाही. मालकांच्या आग्रहाखातर आम्ही ‘फक्त शाकाहारी’ असा फिल्टर घातला होता, तो काढून टाकला, कारण तो जेवणासाठी वापरला जात नव्हता. त्याजागी ‘खोलीत स्वयंपाक चालतो का, चालत असेल तर काय चालत नाही’ असा घराचा नियम लिहायला जागा ठेवली. भेटीला गेल्यावर कुणी आडनाव विचारून परत पाठवलं आणि मुलानं तसं कळवलं, तर आम्ही मालकाशी एकदा बोलतो आणि पुन्हा झालं तर घर यादीतून काढतो. काही घरं गेली. ती गेल्याचं मला वाईट वाटत नाही. यानं प्रश्न सुटतो असा माझा दावा नाही, दारात उभं राहिल्यावर नाव विचारलं जातंच. पण तुमच्या कोडनं त्या प्रश्नाला मदत करू नये, एवढं तुमच्या हातात आहे.

याला लागूनच पैशाची एक बाब आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून जेवण, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. त्यासाठी भाड्यानं राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तिथंच घोडं अडतं, कारण कित्येक मालक पावती द्यायला तयार नसतात. ‘भाड्याची पावती आणि करार देतात का’ हा रकाना म्हणून भाड्याइतकाच मोठा दाखवा. आमच्या यंत्रणेत मालकानं ‘भाडं मिळालं’ दाबलं की पावती तयार होते, मुलगा ती छापून अर्जाला जोडतो. शासनाची वसतिगृहं आणि त्यांच्या अर्जाच्या तारखा यादीत सगळ्यात वर ठेवा. त्यातून तुम्हाला एक रुपया मिळणार नाही, तरी ठेवा. गरजू मुलासाठी पहिली वाट तीच आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरावी-बारावीची मुलं अठरा वर्षांखालची असतात, त्यांची करारावरची सही कायद्यात टिकत नाही, म्हणून करार पालकाच्या नावानं. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही अठराखालच्यांना बालकच मानतो: त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, त्यांच्यावर पाळत ठेवता येत नाही आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवता येत नाहीत. आम्ही म्हणूनच खातं पालकाच्या फोन नंबरवर उघडतो आणि विद्यार्थी त्याखाली जोडतो. आधारचा फोटो मागू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकानं द्यायची असते, ती कागदपत्रं त्या दोघांमध्ये राहू द्या. जी माहिती तुमच्याकडे नाही ती चोरीलाही जाणार नाही.

फसवणूक होते ती नेहमी एकाच पद्धतीनं. चांगल्या खोलीचे कुठून तरी उचललेले फोटो, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि ‘बरेच फोन येताहेत, आत्ता क्यूआरवर दोन हजार टाका म्हणजे ठेवतो’. एकदा असा माणूस आमच्याही यादीत घुसला होता आणि एका मुलाचे पैसे गेले. ते आम्ही भरून दिले. तेव्हापासून आमचा माणूस प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय कुठलीही खोली दिसत नाही, आणि प्रत्येक पानावर लिहिलेलं असतं: खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. डिपॉझिटचे पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवू नका. दुसऱ्यांचे पैसे हाताळण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम वेगळे आहेत आणि विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टनं त्या वाटेला जाऊ नये.

तारे देऊन मत घेण्याची पद्धत इथं चालली नाही. काकू रोज समोर असतात, दोन तारे कोण देणार? मुलगी खोली सोडून गेल्यावर महिन्याभरानं आम्ही तीनच प्रश्न विचारतो: डिपॉझिट परत मिळालं का आणि किती दिवसांत, उन्हाळ्यात पाणी होतं का, सांगितल्यापेक्षा जास्त पैसे घेतले का. एका घराची किमान चार उत्तरं जमल्याशिवाय काहीच दाखवत नाही, म्हणजे कुणी लिहिलं ते ओळखू येत नाही. पानाच्या तळाशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही ठेवला आहे. सोळा-सतरा वर्षांचं पोर घरापासून लांब, एका कॉटवर, रोज टेस्टचे मार्क मोजत बसलेलं असतं. त्याला तो रात्री लागू शकतो.

चालवता येईल का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: येईल, पण एका शहराच्या एका भागापुरती आणि हंगामाचे दोन महिने माणसं हाताशी ठेवून. विद्यार्थ्याकडून पैसे घेऊ नका. कॉट भरल्यावर मालकाकडून ठरावीक छोटी रक्कम घ्या आणि पैसे घेऊन कुणाचंही घर वर सरकवू नका. पहिलं वर्ष तोट्यात जाईल. आमचं दुसरंही गेलं.

आता कामाला कुठून लागायचं ते सांगतो. बारावीची परीक्षा संपली की खोल्या रिकाम्या व्हायला लागतात आणि मालकांना बोलायला वेळ असतो. तेव्हा भाग्यनगरची एक गल्ली घ्या, मैत्रिणीला सोबत घ्या, सकाळी आठ ते अकरा फिरा. फॉर्म कागदावर छापून न्या, कारण उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, आणि वही-पेन बघून काकू बसायला सांगतात, फोन बघून दारातूनच बोलतात. पहिल्या दहा घरांत हिशेब कशावर ठेवलाय तो फोटो विचारून काढून घ्या: कॅलेंडर, डायरी, दाराच्या मागची खडूची रेघ. मगच टेबलं आखायला बसा.